सोलो चालू असताना

४ जानेवारी

ही डायरी विम्याच्या एजंटनं फुकट दिली. फुकटचं वाया घालवायचं नाही, हा आमच्या घराण्याचा नियम, म्हणून लिहायला बसलो. आजवर मी लिहिलं ते कॅसेटच्या खोक्यांवर. कोण वाजवतंय, कुठल्या हॉलमध्ये, कोणत्या साली, आणि आवाज कितपत बरा. त्याच्यापुढं कधी ओळ गेली नाही.

पण आज लिहिण्यासारखं घडलं. जुन्या रॉक आणि जॅझच्या रेकॉर्डी नव्यानं काढणाऱ्या एका कंपनीचा फोन होता. बोलणारी बाई आवाजावरून तरुण वाटली, पण माहिती पक्की. "टाउन हॉलच्या त्या कार्यक्रमाची मूळ टेप तुमच्याकडं आहे, असं कळलं. खरं का?"

खरं आहे बाई. चाळीस वर्षं कपाटात आहे. मुलीच्या जन्मदाखल्यापेक्षा जास्त जपलीय, असं आमची ही म्हणते आणि ते खोटं नाही, कारण दाखला दोनदा हरवला.

चार जणांचा जॅझचा संच होता तो. दूरच्या देशातला, पुढच्या मुक्कामाला निघालेला, आमच्या गावात एका रात्रीपुरता थांबलेला. मध्यंतरानंतर प्रेक्षकांतला एक लांब केसांचा माणूस उठून सरळ स्टेजवर गेला आणि कोपऱ्यातली गिटार गळ्यात अडकवली. तेव्हा ओळख पटली. अरे, हा तर तो रॉकवाला, ज्याची पोस्टरं होस्टेलच्या भिंतीभिंतीवर. तो आणि सॅक्सोफोनवाला त्यानंतर पुन्हा कधी एकत्र वाजवायला बसले नाहीत. त्या रात्रीचं मूळ रेकॉर्डिंग एकच.

मी रेडिओत टेप कापायच्या कामावर नुकता लागलो होतो. बातमीदारांचं खांद्याला लावायचं रेकॉर्डर "दुरुस्तीला नेतो" म्हणून ऑफिसातून उचललं. दारावर पुरुषांच्या पिशव्या तपासायचे, म्हणून ते गेलं तिच्या विणकामाच्या पिशवीत, वर लोकरीचे गुंडे. ती म्हणजे आमची हीच, पण तेव्हा आमची नव्हती. कार्यक्रम इतका लांबला की बाहेर पडलो तर खाण्याची सगळी दुकानं बंद. तसंच तिला घरी सोडलं. त्या रात्री भूक कुणाला होती म्हणा.

हिला फोनचं सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. घसा बसलाय तिचा. दिवाणखान्यातून हाक मारली तर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

७ जानेवारी

टेप काढली, तिची चकती, म्हणजे स्पूल, मशीनवर चढवली, हेडफोन घातले. आधी खुर्च्यांची करकर, कुणाचा तरी खोकला, मग ड्रमवाल्यानं ब्रशनं कातड्यावर हात फिरवला आणि मी पुन्हा बावीस वर्षांचा झालो. पुढच्या रांगेतल्या बाईच्या अत्तराचा वाससुद्धा आला. हसेल कुणी, पण आला.

एकच खोट आहे या टेपमध्ये, ती म्हणजे आमची ही. माइक तिच्या पिशवीत, पिशवी तिच्या मांडीवर, आणि तोंड तिचं. "पायाला मुंग्या आल्या रे." "तो दाढीवाला झोपलाय की वाजवतोय?" मग खुदकन हसणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या संथ गाण्यात, बेसवाल्याचा एकट्याचा सोलो चाललाय, अख्खा हॉल श्वास धरून बसलाय, आणि त्यात स्वच्छ, टाचणी पडावी तसं: "ए, ऐकतोयस का?" त्याच्यावर मी: "श्श." आणि लगेच सॅक्सोफोन उठतो.

चाळीस वर्षं ते वाक्य मला भातातल्या खड्यासारखं लागतंय.

टेपवर ती मला अरे-तुरे करते. लग्न झाल्यावर आईच्या समोर "अहो" सुरू झालं. आई गेली, "अहो" राहिलं.

८ जानेवारी

या घराचा एक नियम आहे: सोलो चालू असताना उठायचं नाही. बेल वाजो, दूध उतू जावो. मुलगी लहान असताना मित्रमैत्रिणींना दारातच सांगायची, "बाबांचं सोलो चालू आहे," जसं काही माझी पूजाच चालली आहे.

आज ही दोनदा दारात येऊन उभी राहिली. मी बोट वर केलं, म्हणजे थांब. दुसऱ्यांदा बोट खाली घेतलं तोवर ती गेली होती. महत्त्वाचं असेल तर येईल परत.

११ जानेवारी

कंपनीवालीचा फोन. कागदपत्रं पाठवतेय. "टेप आहे तशीच पाठवा हं काका," असं दोनदा म्हणाली.

भिडस्त आहे पोरगी. म्हातारा माणूस, त्याला कशाला कामाला लावा, असं वाटलं असणार. पण आहे तशी कशी पाठवणार? पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस घर झाडतो की नाही?

१५ जानेवारी

ब्लेड, खडू, चिकटपट्टी. हात अजून स्थिर आहे. टेप हातानं पुढंमागं सरकवत आवाजाची सुरुवात शोधायची, खडूची खूण करायची, तिरका काप घ्यायचा, दोन टोकं जोडायची, नखानं घासायचं. नोकरीभर हेच केलं. मोठमोठ्या वक्त्यांचे खोकले कापले, एका मंत्र्याची ढेकर कापली. आमच्यात म्हणायचे, याच्या हाताखालून गेलेला माणूस जन्मात अडखळलेला नसतो.

कापण्याआधी कॉपी करावी का, असा विचार आला. पण जुनी टेप प्रत्येक वेळी वाजवताना झिजते, तपकिरी भुकटी मशीनच्या हेडवर उरते. उगाच आणखी एकदा कशाला घासायची? हातावर विश्वास असताना कॉपी म्हणजे पोहता येणाऱ्यानं पाठीला डबा बांधण्यासारखं.

रेडिओतली एक रीत होती. कापलेले तुकडे लगेच फेकायचे नाहीत, गळ्यात अडकवायचे. कार्यक्रम प्रसारित झाला की मगच टोपली. मीही अडकवले. ही चहा घेऊन आली, म्हणाली, "हे काय घातलंय गळ्यात?"

"कचरा," म्हटलं.

१६ जानेवारी

सकाळी ही म्हणाली, "घशाच्या डॉक्टरकडं जायचंय, येता का बरोबर?" नेमका संथ गाण्याचा काप हातात होता. म्हटलं, शेजारच्या वहिनींना घेऊन जा.

संध्याकाळी विचारलं, काय म्हणाले. तर पुन्हा बोलावलंय, घशात दुर्बीण घालून बघणार आहेत. साध्या बसलेल्या घशाला दुर्बीण. यंत्र घरात आणलं की माणसाला ते वापरायची हौस येते, हे मला कुणी सांगायला नको.

संथ गाणं मात्र असं जमलंय की बेसवरून सॅक्सोफोनवर जाताना सांधा सापडणार नाही.

२० जानेवारी

टेप रवाना. तुकडे गुंडाळून केराच्या डब्यात टाकले, सकाळी गाडी घेऊन गेली.

पाठवण्याआधी एकदाच शेवटची ऐकली. ना करकर, ना खोकला, ना मुंग्या. ती रात्र जशी व्हायला हवी होती तशी आता झाली. हिला म्हटलं, ये, ऐक. तिनं हेडफोन लावले, डोळे मिटून ऐकलं, मग काढून ठेवले. "छान झालंय," म्हणाली. "मी कुठंय?"

"तुलाच तर काढलं," म्हटलं आणि हसलो. तीही हसली. तिचं हसणं आता फक्त हवेचं येतं, त्यात आवाज नसतो.

२ फेब्रुवारी

मधले दिवस लिहिले नाहीत. दुर्बीण झाली. मग तुकडा काढून तपासायला दिला. आज मी बरोबर गेलो होतो.

गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, जीवाला धोका नाही, पण आवाज जाईल. पूर्ण. नंतर यंत्र बसवून थोडंफार बोलता येतं काहींना.

मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसलो. हिनं विचारलं, "मग भाजीवाल्याशी घासाघीस कशी करायची?" डॉक्टरसुद्धा हसले.

रिक्षात मी विचारलं, कधीपासून दुखत होतं. म्हणाली, "दिवाळखोरासारखं तोंड करू नका. सांगायला आले होते दोनदा. तुमचं सोलो चालू होतं."

३ फेब्रुवारी

भीती वाटते. हे इथं लिहितो, तिच्यासमोर नाही.

माइक काढला. म्हटलं, काहीतरी बोल, रेकॉर्ड करून ठेवू. काहीही. भूगोलाचा धडा म्हण. इतकी वर्षं शाळेत मोसमी वारे शिकवलेस, तेच सांग.

"आता कसला आवाज," म्हणाली. "पत्र्यावर खडे ओढल्यासारखा. असला ठेवायचा नाही मागं. आणि तुमच्या टेपवर आहे की चांगला."

मी "हो" म्हटलं.

मुलीच्या मोबाइलमध्ये हिचा आवाज आहे, नाही असं नाही. "इकडं बघा," "पुढं सरका," "नातवाला मध्ये घ्या." त्यात ती सगळ्यांशी बोलते. नुसती माझ्याशी बोलते ती त्या टेपवर, आणि ती मी स्वतःच्या हातानं, नखानं घासून, सांधा सापडणार नाही अशी कापली. लोकांचं पोरगं शाई सांडतं, मी दौतच फोडली.

५ फेब्रुवारी

कंपनीवालीचा फोन. टेप पोचली, ऐकली. मग म्हणाली, "काका, बाई कुठं गेली?"

म्हटलं, कोण बाई.

"'ऐकतोयस का' वाली. अहो, लोक ही टेप त्याच नावानं ओळखतात. माझ्या काकांकडं कॉपीची कॉपीची कॉपी होती, नुसती खरखर. गिटार ओळखू यायची नाही, पण बाई यायची. लहानपणी मी काकांना विचारायची, तिला काय सांगायचं होतं? म्हणून तर म्हटलं होतं ना, आहे तशीच पाठवा."

शेवटी खरं सांगितलं, बाई कोण ते, आणि तिला काय झालंय ते. पोरगी रडली बहुतेक. मग विचारलं, तुझ्या काकांकडं कॉपी आली कुठून? तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ही टेप मी उभ्या आयुष्यात एकाच माणसाला कॉपी करून दिली.

६ फेब्रुवारी

तो माणूस म्हणजे दातांचा डॉक्टर. एके काळी जिवलग. दर रविवारी त्याच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं, दोन कॅसेट डेक एकमेकांना जोडलेले, आणि मध्ये कॅसेटींचा ढीग. परगावच्या अनोळखी माणसांना आम्ही पार्सलं पाठवायचो, त्यांची यायची. कुणाकडं एखाद्या बँडच्या पडक्या गोदामातल्या कार्यक्रमाची टेप, कुणाकडं जॅझच्या पियानोवाल्याची शेवटची रात्र. पोस्टमन आला की त्याचे हात मला देवाच्या हातांसारखे वाटायचे. पार्सल फोडायच्या आधी आम्ही ते कानाशी हलवून बघायचो, आत कॅसेट किती ते ओळखायला. तो नेहमी जिंकायचा.

माझी टेप मी त्याला दिली ती शपथेवर, कुणाला द्यायची नाही. सहा महिन्यांत ती गावोगाव झाली. मी त्याला भर दवाखान्यात, एक पेशंट तोंड उघडून बसलेला असताना, चोर म्हणालो. तेव्हापासून बोलणं बंद. एक दाढ किडली तर पलीकडच्या गावात जाऊन काढून आलो, पण त्याच्यापुढं तोंड उघडलं नाही.

७ फेब्रुवारी

गेलो. बाकावर रांगेत बसलो, गाल सुजलेल्या एका माणसाच्या शेजारी. नंबर आला. तो पाठमोरा हात धूत होता. केस पांढरे झालेत.

"काय दुखतंय?" वळून बघितलं आणि थांबला. "बस," म्हणाला. मी सवयीनं त्याच्या त्या खुर्चीतच बसलो. त्यानं खुर्ची मागं केली, दिवा लावला, आणि मी छताकडं बघत सगळं सांगितलं. तसं बोलणं सोपं गेलं.

तो म्हणाला, "वहिनी तुला तेव्हापासून विचारतायत आणि तू अजून 'श्श'वरच आहेस."

"तुझ्याकडं आहे का अजून?"

"म्हणजे काय. पहिली कॉपी आहे ती, थेट स्पूलवरून. मी शपथ मोडली, कॅसेट नाही मोडली."

"बरं केलंस मोडलीस," म्हटलं.

दवाखाना मधेच थांबवून तो वर गेला, कॅसेट घेऊन आला. खोक्यावर माझंच अक्षर. जाताना म्हणाला, "आलायस तर आ कर." केला. "दोन दाढा भरायला झाल्यात, गाढवा. पुढच्या आठवड्यात ये."

९ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. तुकडे, डबा, गाडी. मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, माझे दागिने विकून रेकॉर्डी घेतल्यात."

मी कॅसेट लावायला उठलो. तर म्हणाली, "आत्ता नको. नंतर लावू. नंतर घरात बाईचा आवाज लागेल कुठला तरी."

मग मी रडलो. तिनं रडू दिलं.

१३ फेब्रुवारी

आज ऑपरेशन. आत नेताना मी तिच्या ढकलगाडीबरोबर दारापर्यंत चालत गेलो. मनात ठरवलं होतं, आता जे बोलेल ते लक्षात ठेवायचं, जन्मभर. दार उघडलं, तिनं मान वळवली, आणि त्या खडे ओढलेल्या आवाजात म्हणाली, "गॅस बंद केलात ना?"

"केला," म्हटलं. खरं तर आठवत नव्हतं. मुलीला घरी पाठवून बघायला लावलं. बंद होता.

संध्याकाळ. सगळं नीट झालं म्हणतात.

२० फेब्रुवारी

नळीतून खाणं. बोलणं पाटीवर. मी तिच्यापुढं खाऊ शकत नाही, बाहेर व्हरांड्यात जाऊन दोन घास खातो. परवा तिनं पाटीवर लिहिलं, "इथंच खा. वास तरी येऊ दे." नाकातून वास नीट येत नाही आता, गळ्याच्या भोकातून श्वास घेते, हे तिला माहीत आहे. तरी लिहिलं.

कंपनीवाली भेटायला येऊन गेली. कापलेल्या जागी दाताच्या डॉक्टरच्या कॅसेटवरचे तुकडे बसवणार आहेत. हिचा हात हातात घेऊन बसली होती, जशी काही मोठ्या गायिकेला भेटायला आली. हिनं पाटीवर लिहिलं, "माझे वाजवण्याचे पैसे?" पोरगी हसून हसून लाल.

४ मार्च

घरी येऊन आठवडा झाला. कालपासून डॉक्टरांनी तोंडानं पातळ द्यायला सांगितलंय, पण काल तिनं दोन चमचे घेऊन नको म्हटलं. सूप करून ठेवलेलं तसंच आहे.

दुपारी तिनं स्वतःच कॅसेटच्या कपाटाकडं बोट केलं. मी लावली. हेडफोन नाही, मोठे स्पीकर. ती उशांना टेकून, मी पलंगाच्या कडेवर.

खुर्च्या करकरल्या. ब्रश फिरला. "पायाला मुंग्या आल्या रे." तिनं डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं, जशी काही ही कोण आगाऊ मुलगी. "तो दाढीवाला झोपलाय की वाजवतोय?" टेपवरची हसली आणि पलंगावरचीही हसली. आवाज एकीचाच होता, पण दोघींचा वाटला.

मग संथ गाणं. बेसचा सोलो. मला पुढचं माहीत होतं, तरी मी पुढं झुकलो.

"ए, ऐकतोयस का?"

"श्श."

सॅक्सोफोन उठला. हिच्या गालावरून पाणी येत होतं. मी पाटी तिच्यापुढं धरली आणि विचारलं, "काय सांगायचं होतं तुला?"

तिनं खडू घेतला. बराच वेळ आठवत असल्यासारखं केलं. मग लिहिलं, "भूक लागली होती."

"एवढंच?"

तिनं मान हलवली. एवढंच.

आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की त्या रात्री भूक कुणाला होती.

"आणि आत्ता?" मी विचारलं.

तिनं पाटी बाजूला ठेवली. मग हो म्हणाली, मानेनं. मी उठायला लागलो, तर तिनं माझा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवून स्पीकरकडं दाखवलं. सॅक्सोफोन नुकता वर चढत होता आणि मागून गिटार आत यायची होती, ज्या जागेसाठी लोक ही टेप जपून ठेवतात, ती जागा. तेवढी होऊ दे, असं म्हणत होती.

मी उठलो. सोलो तसाच चालू ठेवून स्वयंपाकघरात गेलो आणि सूप गरम करायला ठेवलं. तिथं गिटार नीट ऐकू येत नव्हती.

तिनं वाटीभर घेतलं.